डोळा प्रिंट झाला म्हणे! मग तारापूरच्या कामगाराला त्याचा उपयोग होईल का?

आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. 'आता डोळे प्रिंट होणार! अंधत्व कायमचं संपलं!' खाली एआयने बनवलेला चकचकीत निळ्या डोळ्याचा फोटो. असले फॉरवर्ड मी बघून सोडून देतो. पण पाच मिनिटांत त्याच ग्रुपमधल्या एका मित्राचा मला वेगळा मेसेज आला, 'हे खरं आहे का रे? माझं होईल?'

हा मित्र तारापूर एमआयडीसीत काम करायचा. दोन वर्षांपूर्वी पाइपच्या जोडातून कॉस्टिक उडालं आणि त्याच्या उजव्या डोळ्यात गेलं. सोबतचे घाबरले. रुमालाने डोळा पुसला, त्याला बाइकवर मध्ये बसवलं आणि दवाखान्याकडे पळवलं. शिफ्ट सुटायची वेळ, बोईसरच्या रस्त्यावर ट्रक आणि कंपन्यांच्या बस. पोचायला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात डोळ्यावर पाण्याचा एक थेंबसुद्धा पडला नाही. आज त्या डोळ्याने त्याला उजेड कळतो, समोर हात हलला तर कळतं, बाकी काही नाही. आपल्याकडे ज्याला डोळ्यात फूल पडणं म्हणतात, ते झालंय. पांढरा डाग आणि त्यावर चढलेल्या लाल शिरा.

मी उत्साहात उत्तर दिलं, 'हो रे, टेक्नॉलॉजी आली आहे. दोन-तीन वर्षं थांब फक्त.' सॉफ्टवेअरमध्ये काम केलं की ही सवय लागते. नवं व्हर्जन आलं की जुना बग जाणार, असं वाटतं. रात्री नीट वाचायला बसलो, ओळखीतल्या एका नेत्रतज्ज्ञांना फोन केला, आणि सकाळी मित्राला सांगावं लागलं की मी चुकीचं बोललो. का चुकलो, ते सगळं एका गोष्टीपाशी येऊन थांबतं. डोळ्याच्या पुढच्या काचेत रक्त नसतं.

बातमीत खरं किती?

बातमी खोटी नाही. २९ ऑक्टोबर २०२५ रोजी इस्रायलमधल्या हायफा शहरातल्या रॅम्बम रुग्णालयात एका माणसाच्या डोळ्यात थ्रीडी प्रिंटरने तयार केलेलं कॉर्नियाचं रोपण बसवलं गेलं. प्रिसाइज बायो या कंपनीचं हे तंत्र आहे. भारतही यात मागे नाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, आयआयटी हैदराबाद आणि सीसीएमबी या तिघांनी मिळून ऑगस्ट २०२२ मध्ये थ्रीडी प्रिंट केलेला कॉर्निया जाहीर केला होता. तो सशाच्या डोळ्यात बसवून पाहिला होता.

पण 'डोळा प्रिंट झाला' हे चूक. प्रिंट झाला तो कॉर्निया, म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच. मध्यभागी तिची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, रुंदी ११-१२ मिलिमीटर. तिच्यातही थर आहेत. पुढे पातळ त्वचेसारखा थर, मध्ये जाड थर, आणि अगदी मागे पेशींचा एकच पदर, जो आतलं पाणी सतत बाहेर फेकून काच कोरडी आणि स्वच्छ ठेवतो. हायफामधलं रोपण या मागच्या पदराच्या बिघाडासाठी आहे. अजून ते मोजक्या रुग्णांवरच्या सुरुवातीच्या चाचणीत आहे. माझ्या मित्राचा बिघाड पुढून सुरू झालेला.

काचेत रक्त का नाही?

साधं आहे. लाल शिरा असलेल्या काचेतून दिसणार कसं? म्हणून कॉर्नियात एकही रक्तवाहिनी नाही. मग ती जगते कशावर? ऑक्सिजन ती बराचसा थेट हवेतून घेते, अश्रूंच्या पातळ थरात विरघळलेला. साखर आणि बाकीचं पोषण मुख्यतः आतल्या बाजूच्या पाण्यासारख्या द्रवातून मिळतं. डोळे मिटले की पापण्यांच्या आतल्या रक्तवाहिन्यांकडून थोडा ऑक्सिजन मिळतो.

डहाणू किंवा बोईसरहून लोकलने चर्चगेटला जाणाऱ्यांनी इथे एक मिनिट थांबा. कॉन्टॅक्ट लेन्स घालून परतीच्या गाडीत झोपता ना? आधीच लेन्समुळे हवा कमी, त्यात पापणी बंद. कॉर्नियाचा श्वास कोंडतो. असं रोज होत राहिलं, तर ऑक्सिजनच्या शोधात कडेच्या शिरा काचेत शिरायला लागतात, आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो तो वेगळाच. मोबाइलकडे टक लावून बघताना आपण पापण्या कमी मिटतो, त्यामुळे अश्रूंचा थरही लवकर सुकतो.

शिरा एरवी आत येत नाहीत, कारण कॉर्निया त्यांना येऊ देत नाही. जखम झाली की शरीर 'इथे शिरा वाढवा' असा रासायनिक संदेश सोडतं. कॉर्निया त्या संदेशाला पकडून गप्प करणारं एक प्रथिन स्वतःच बनवतो. हे २००६ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळलं. गंमत म्हणजे मॅनटी नावाच्या समुद्री गायीच्या कॉर्नियात हे प्रथिन नसतं, आणि तिच्या कॉर्नियात खरंच शिरा असतात. याशिवाय बुबुळाच्या कडेला, जिथे काळं संपून पांढरं सुरू होतं, तिथे मूळ पेशींचं एक वर्तुळ असतं. कॉर्नियाचा पुढचा थर झिजला की तिथूनच नव्या पेशी येतात. हेच वर्तुळ कुंपणाचंही काम करतं.

रक्त नाही याचा फायदा

रक्त नाही म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा रस्ताही नाही. त्यामुळे दुसऱ्याचा कॉर्निया बसवला तर शरीराला परकं काही आल्याचं सहसा लवकर कळत नाही. साध्या केसमध्ये रक्तगट जुळवावा लागत नाही. मृत्यूनंतर काही तासांनी काढलेला कॉर्नियासुद्धा चालतो, कारण तो तसाही रक्तावर जगत नव्हता.

म्हणून माणसावरच्या यशस्वी प्रत्यारोपणांत कॉर्निया फार पुढे होता. ७ डिसेंबर १९०५ रोजी आजच्या चेक देशातल्या ओलोमोउत्स इथे एडुआर्ड झिर्म या डॉक्टरांनी ते केलं. किडनीचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण व्हायला १९५४ उजाडलं. आणि झिर्म यांचा रुग्ण कोण होता? चुना विझवताना दोन्ही डोळे भाजलेला एक मजूर. दोन्ही डोळ्यांवर प्रयत्न झाला, टिकला एकाच डोळ्यात.

आणि तोटा

तोटा तारापूरसारख्या ठिकाणी कळतो. हातावर काही सांडलं तर तिथलं रक्त थोडं तरी काम करतं. उष्णता आणि विषारी द्रव्य वाहून नेतं, मलमपट्टी करणाऱ्या पेशी पाठवतं. कॉर्नियाला ही मदत आतून नाही. जे पडलं ते तिथेच मुरतं.

त्यात कॉस्टिक, अमोनिया, चुना, सिमेंट हे सगळे अल्कली. आम्लापेक्षा अल्कली डोळ्याला बहुधा जास्त वाईट. बहुतेक आम्लं वरच्या थरातली प्रथिनं गोठवतात आणि तो गोठलेला थरच त्यांना थोडा अडवतो. अल्कली पेशींच्या आवरणातल्या चरबीचा अक्षरशः साबण करतं आणि वाट काढत आत जातं. कॉस्टिक तीन ते पाच मिनिटांत कॉर्निया पार करून आतल्या द्रवात पोचू शकतं. अमोनिया त्याहून लवकर.

आणि मग ते कडेचं वर्तुळ जळतं. मूळ पेशी मेल्या, कुंपण पडलं. पांढऱ्या भागावरची त्वचा आपल्या शिरा घेऊन बुबुळावर चढते. ज्या काचेत कधी रक्त नव्हतं, तिथे ते येतं आणि काच कायमची गढूळ होते.

आता माझी चूक कुठे होती ते बघा. कॉर्नियाचं प्रत्यारोपण सोपं, कारण तिथे शिरा नाहीत. पण मित्राच्या डोळ्यात शिरा आल्या आहेत. म्हणजे नवा कॉर्निया बसवला, दात्याचा असो की प्रिंटरचा, तर शरीर त्याला ओळखून नाकारण्याची शक्यता बरीच वाढते. वर पुढचा थर नव्याने तयार करणाऱ्या मूळ पेशीच नाहीत, त्यामुळे नवी काचही पुन्हा झाकली जाणार. हार्डवेअर बदललं, पण बिघाड ज्या पेशींमुळे झाला तो तसाच राहिला.

मग त्याच्यासाठी काहीच नाही?

आहे, आणि त्यासाठी प्रिंटर लागत नाही. त्याचा डावा डोळा चांगला आहे, ही मोठी गोष्ट. चांगल्या डोळ्याच्या कडेच्या वर्तुळातून साधारण २ बाय २ मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याचे आठ-दहा बारीक कण करायचे आणि खराब डोळा साफ करून त्यावर, वारेच्या पातळ पडद्यावर, ते पेरायचे. हो, पेरायचेच. भाताचं रोप लावल्यासारखं. कणांमधून पेशी पसरतात आणि पुढचा थर पुन्हा तयार होतो. स्वतःच्याच पेशी, त्यामुळे शरीर त्यांना नाकारत नाही. आधी या पेशी महागड्या प्रयोगशाळेत वाढवाव्या लागायच्या. आता तो टप्पाच नाही.

या शस्त्रक्रियेला 'स्लेट' म्हणतात. डॉ. वीरेंद्र सांगवान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद संस्थेत विकसित केली आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. नंतर १२५ डोळ्यांच्या अभ्यासात ७६ टक्के डोळ्यांत ती यशस्वी ठरली. काहींना त्यानंतर दात्याचा कॉर्निया बसवावा लागतो, पण आता जमीन तयार असते. सगळ्यांना दृष्टी परत येतेच असं नाही. आतलं नुकसान किती, डोळ्याचं प्रेशर किती, यावर ते ठरतं. पण विचारायचा प्रश्न हा आहे, आणि तो कॉर्नियाच्या तज्ज्ञालाच विचारायचा. नुसत्या चष्म्याच्या दुकानात नाही.

सगळ्यात स्वस्त टेक्नॉलॉजी: पाणी

तारापूर एमआयडीसी बातमीत येते ती माणसं गेली की. ११ जानेवारी २०२० ला कोलवडे गावाजवळच्या कारखान्यात स्फोट झाला, आठ जण गेले. २१ ऑगस्ट २०२५ ला एका औषध कारखान्यात वायुगळती झाली, चार कामगार गेले. डोळ्यात उडालेलं कॉस्टिक बातमी होत नाही. पण राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणानुसार, जे २०१५ ते २०१९ मध्ये झालं, भारतात ५० वर्षांखालच्या लोकांमधल्या अंधत्वाचं सर्वात मोठं कारण कॉर्नियाच आहे, ३७.५ टक्के. त्यात संसर्ग आणि इतर इजाही आल्या, फक्त रसायनं नाहीत.

कॉर्नियाला आतून रक्त मदत करत नाही, म्हणून मदत बाहेरून आणि ताबडतोब करावी लागते. हे लक्षात ठेवा:

१. जे स्वच्छ पाणी हाताशी आहे ते लगेच ओता. नळ, पिण्याची बाटली, बादली-मग, काहीही. डॉक्टर नंतर.

२. पापण्या बोटांनी ताणून उघड्या ठेवा, डोळा सगळीकडे फिरवा. खराब डोळा खाली राहील असं डोकं कलतं करा, म्हणजे पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. निदान १५ ते २० मिनिटं. घड्याळ लावा, कारण दोन मिनिटंही खूप वाटतात.

३. चुना किंवा सिमेंट असेल तर चोळू नका. पापणीखाली अडकलेले कण पाण्याने निघू द्या, उरलेले डॉक्टर काढतील. कॉन्टॅक्ट लेन्स सहज निघाली तर काढा, तिच्यासाठी पाणी थांबवू नका.

४. लिंबू, सोडा, दूध, तूप, गुलाबपाणी, काहीही घालू नका. आम्लाने अल्कली 'मारायचं' हा शाळेच्या प्रयोगशाळेतला हिशोब डोळ्यात चालत नाही.

५. मग १०८ ला फोन. वाटेतही पाणी चालू. ड्रमच्या लेबलचा फोटो सोबत.

हे फक्त कारखान्यापुरतं नाही. तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी लहान मुलांच्या हातात फुटते आणि थेट डोळ्यात जाते. भारतात मुलांच्या डोळ्यांच्या रासायनिक इजांचं हे ओळखीचं कारण आहे. पालघर जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत ती पुडी खिडकीच्या कठड्यावर पडलेली असते. ती आजच वर ठेवा.

आणि कारखान्यातलं डोळे धुण्याचं यंत्र? मित्राच्या युनिटमध्ये ते होतं. ड्रमच्या मागे. त्याला ते कुणी दाखवलंच नव्हतं, तो ठेकेदाराकडून आलेला. जगभर वापरला जाणारा अमेरिकी मानक सांगतो, यंत्र १० सेकंदांत गाठता आलं पाहिजे, वाटेत अडथळा नको, १५ मिनिटं सलग पाणी आलं पाहिजे आणि दर आठवड्याला ते चालवून बघितलं पाहिजे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ३५ मध्ये डोळ्यांच्या संरक्षणाची तरतूद होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. नाव बदललं, पण कामाची जागा सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मालकाचीच आहे.

फोन कुठे कामाला येतो?

प्रत्येक रसायनाची एक सेफ्टी डेटा शीट असते. १६ भागांची. चौथा भाग प्रथमोपचाराचा, त्यात डोळ्यात गेल्यास काय करायचं हे लिहिलेलं असतं. आठवा भाग कोणता गॉगल, कोणते हातमोजे याचा. तुम्ही एमआयडीसीत कामाला लागला असाल, तर आपल्या प्लांटमधल्या चार-पाच रसायनांच्या शीट मागून घ्या किंवा शोधून डाउनलोड करा. बऱ्याच प्लांटमध्ये फोन गेटवरच जमा होतो, म्हणून घरीच वाचून ठेवा. आणि पहिल्याच दिवशी सुपरवायझरला विचारा, 'डोळे धुवायचं कुठे आहे?' एकदा स्वतः चालवून बघा. पाणी गंजकं आलं तर तेव्हाच बोला.

दुसरा उपयोग नेत्रदानाचा. प्रिंटेड कॉर्नियामुळे दात्यांची गरज संपली, असंही त्या फॉरवर्डमध्ये होतं. तेही चूक. हैदराबादचा कॉर्निया मानवी कॉर्नियातल्या द्रव्यापासून आणि पेशींपासून बनवला होता. हायफाच्या रोपणातल्या पेशी मृत दात्याच्या कॉर्नियातून वाढवलेल्या होत्या. एका कॉर्नियापासून सुमारे ३०० रोपणं होऊ शकतात, असा त्यांचा दावा आहे. म्हणजे प्रिंटरची शाईसुद्धा दात्याकडूनच येते.

अवयवदानाची शपथ आता नोट्टोच्या पोर्टलवर आधार वापरून घेता येते. प्रमाणपत्र येतं, स्टेटसला लावता येतं. पण मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत कॉर्निया काढावा लागतो आणि त्यासाठी घरच्यांनी फोन करावा लागतो. स्टेटस फोन करत नाही. म्हणून शपथ घेतली तर आई-वडिलांना सांगा, आणि जवळच्या नेत्रपेढीचा नंबर आजच सेव्ह करा. नोट्टोचा टोल फ्री नंबर १८०० ११ ४७७० आहे. फोन केल्यावर प्रशिक्षित तंत्रज्ञ घरी येऊनही कॉर्निया काढू शकतो, २०११ च्या कायदादुरुस्तीने ती मुभा दिली आहे. तोवर पापण्या मिटवा, त्यावर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा, डोक्याखाली उशी द्या. चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन, मधुमेह, बीपी यांमुळे नेत्रदान अडत नाही. एचआयव्ही, कावीळ बी-सी, रेबीज, रक्ताचा कर्करोग असेल तर घेत नाहीत.

मित्राला काय सांगितलं

मी त्याला लिहिलं, 'प्रिंटरची वाट बघू नकोस. कॉर्नियावाल्या डॉक्टरला विचार, माझ्या चांगल्या डोळ्यातून स्लेट होईल का?' त्याने थोड्या वेळाने विचारलं, 'आणि तेव्हा लगेच पाणी मारलं असतं तर?'

याचं नेमकं उत्तर कुणीच देऊ शकत नाही. नुकसान बरंच कमी झालं असतं, एवढं मी सांगितलं. खोटा दिलासा एकदा देऊन झाला होता.

त्याची तज्ज्ञांकडची तारीख ठरली आहे. ग्रुपवर त्या निळ्या डोळ्याच्या फॉरवर्डखाली त्याने स्वतःच एक व्हॉइस नोट टाकली, 'डोळ्यात कॉस्टिक गेलं तर पुसू नका, गाडी शोधू नका. आधी पाणी, वीस मिनिटं. माझ्यावरून शिका.' ग्रुपमधले निम्मे जण आजही एमआयडीसीत आहेत. तुमच्या ग्रुपमध्येही असतील. फॉरवर्ड करायचंच असेल तर हे करा.